थायरॉइड सारखा वरखाली होतोय? डॉक्टरांकडे जाण्याआधी हे करा

रिपोर्ट दर वेळी वेगळा येतो, डोस कधी वाढतो तर कधी कमी होतो, आणि थकवा आहे तिथेच राहतो. अशा वेळी आजारच हट्टी आहे असं वाटू लागतं. कधीकधी ते खरंही असतं, पण पुष्कळदा ग्रंथीपेक्षा गोळी घेण्याची किंवा रक्त देण्याची वेळ जास्त बदलत असते. म्हणून आधी तेवढं तपासा.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड कमी पडतो तेव्हा दिली जाणारी रोजची गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायचं. तेवढा वेळ चहा-कॉफीही नको. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची पातळ औषधं आतड्यात या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात कमी उतरते. त्यांच्यात आणि या गोळीत ४ तासांचं अंतर हवं. रोजच्या घाईत थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटाबरोबर घेतली जाते, आणि मग रिपोर्ट बिघडला की डोस वाढवला जातो. सकाळ जमतच नसेल, तर शेवटच्या जेवणानंतर किमान ३ तासांनी, झोपताना घेता येते. डॉक्टरांना सांगून एक वेळ ठरवा आणि तीच पाळा.

हे औषध शरीरातून हळूहळू कमी होतं. त्याची अर्धी मात्रा कमी व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर घाबरायचं कारण नाही, पण दर आठवड्याला दोन गोळ्या चुकत असतील तर फरक पडतोच. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारा हार्मोन, गोळी कमी पडली की हा वाढतो) त्याहूनही सावकाश बदलतो, म्हणून डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करतात. पंधरा दिवसांत केलेली तपासणी अर्धवटच बोलते. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधीचे चार दिवस नेमाने घेतल्या, तर फ्री टी४ (रक्तातला मोकळा थायरॉइड हार्मोन) नॉर्मल आणि टीएसएच मात्र वाढलेला, असा कोड्यात टाकणारा रिपोर्ट येऊ शकतो. गोळ्या चुकल्या असतील तर ते डॉक्टरांना सरळ सांगा. लपवलंत तर तुमच्यासाठी डोस चुकीचा ठरेल.

रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळी ठरावीक वेळी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्या. टीएसएच रात्री ते पहाटे जास्त असतो आणि दुपारी उतरतो. एकदा सकाळी ८ ला आणि पुढच्या वेळी दुपारी ३ ला रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना नीट होत नाही. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान २ दिवस आधी बंद करा, मोठा डोस असेल तर किती आधी ते विचारून घ्या. बायोटिनमुळे काही तपासण्यांत टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, आणि चांगला चाललेला डोस उगाच कमी होतो.

डॉक्टरांची वेळ ठरली की आधीचे तीन-चार आठवडे थोडी नोंद ठेवा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. वजन आठवड्यातून एकदा पुरे. पाळीच्या तारखाही लिहा. लक्षणं मोघम लिहू नका. ‘थकवा येतो’ यातून फार काही कळत नाही, ‘दीड महिन्यापासून एक जिना चढताना दोनदा थांबावं लागतं’ यातून कळतं.

मग सगळं एका कागदावर उतरवा, साधारण असं:

१० जानेवारी: टीएसएच ७.८, डोस ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम
२ फेब्रुवारी: गोळीची कंपनी बदलली
१५ फेब्रुवारी: लोहाची गोळी सुरू, रात्री
७ मार्च: टीएसएच ०.३, छातीत धडधड, झोप कमी

चार ओळींत डॉक्टरांना सगळा क्रम दिसतो. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर न्या. गर्भनिरोधक गोळ्या, मानसिक आजारासाठीचं लिथियम आणि हृदयासाठीचं ॲमिओडॅरोन यांचा थायरॉइडशी थेट संबंध येतो. गेल्या वर्षभरात बाळंतपण झालं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्यानंतर काही जणींचा थायरॉइड आधी वाढतो आणि मग उतरतो.

तीन प्रश्न जरूर विचारा: माझा टीएसएच किती असायला हवा? चढउताराचं कारण शोधायला अँटीबॉडीची (थायरॉइडवरच हल्ला करणाऱ्या प्रथिनांची) तपासणी लागेल का? पुढची तपासणी कधी?

काही गोष्टींना मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. दिवस गेल्याचं कळलं की त्याच दिवशी फोन करा, कारण डोस लगेच वाढवावा लागू शकतो. कार्बिमॅझोल (वाढलेला थायरॉइड कमी करणारं औषध) चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या. छातीत दुखणं, श्वास लागणं, नाडी अनियमित होऊन खूप वाढणं, गुंगी किंवा भ्रम दिसला तर थेट रुग्णालय गाठा.

निघण्यापूर्वी नवा डोस मोठ्याने वाचून खात्री करून घ्या. २५ आणि १२५ ची गल्लत सहज होते, म्हणून औषध घेताना पाकिटावरचा आकडाही चिठ्ठीशी ताडून पाहा.