जुन्या स्पोर्ट्स कारचा स्वे बार कसा ओळखावा आणि पुढची-मागची जोडी कशी जुळवावी

जुन्या स्पोर्ट्स कारचे सुटे भाग शोधताना स्वे बारची ओळख बहुतेक वेळा एकाच आकड्यावर उरकली जाते: ‘२२ एमएमचा आहे, बसेल.’ एवढ्या भरवशावर बार घेऊ नका. जाडी हे त्याच्या अनेक मापांपैकी एक माप. हाताची (बारच्या टोकाकडे वळलेल्या भागाची) लांबी, बसवण्याच्या जागा, लिंकचा (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा) प्रकार आणि दुसऱ्या ॲक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर) काय बसवलंय, हे कळल्याशिवाय तो बार तुमच्या गाडीचा आहे की नाही, हे ठरत नाही. कोणी त्याला अँटी-रोल बार म्हणतं, गॅरेजमध्ये तो स्टॅबिलायझर रॉड असतो, भाग तोच: डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडीचं झुकणं अडवणारा पोलादी रॉड.

त्याचं काम आधी समजून घेऊ, कारण पुढची सगळी मापं त्यावरच उभी आहेत. वळणावर गाडी झुकते तेव्हा बाहेरच्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जातं आणि आतल्या बाजूचं सुटतं. बारचे दोन हात उलट दिशांना ओढले जातात आणि मधला सरळ भाग पिळला जातो. हा पीळ झुकण्याला विरोध करतो. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर बार बुशमध्ये (त्याला चासीशी धरून ठेवणाऱ्या रबरी गाद्यांमध्ये) नुसता फिरतो. बार पकड वाढवत नाही. तो त्या ॲक्सलच्या आतल्या चाकावरचा भार काढून बाहेरच्या चाकावर टाकतो. म्हणून पुढचा बार कडक केला की पुढची चाकं आधी पकड सोडतात आणि गाडीचं नाक वळणाबाहेर जाऊ लागतं. मागचा कडक केला की शेपूट बाहेर यायला लागते. पुढे हात लावला की मागचं वागणं बदलतंच, आणि मागे लावला की पुढचं.

आधी गाडी नक्की करा

मॉडेलचं नाव पुरेसं नाही. चासी नंबर आणि उत्पादनाचं वर्ष हाताशी घ्या. ब्रिटिश स्पोर्ट्स कार एमजीबी १९६२ ते १९८० बनली, पण सगळ्या एमजीबी खालून सारख्या नाहीत. १९७४ मध्ये रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंची सुमारे २५ मिमी वाढवली गेली, आणि खर्च वाचवण्यासाठी उघड्या छताच्या गाडीचा पुढचा बार काढून ऐच्छिक केला गेला. पुढे १९७७ च्या बदलांमध्ये मागचा बार सगळ्याच गाड्यांना मिळाला. त्यामुळे १९७५ ची एखादी गाडी बारशिवाय सापडली, तर कोणीतरी बार चोरला असं समजू नका.

पोर्शे ९११ मध्ये तर मांडणीच बदलली. १९७३ पर्यंतच्या गाड्यांत पुढचा बार बॉडीतून आरपार जातो आणि त्याच्या टोकांना वेगळे लिव्हर असतात. १९७४ पासून एकसंध बार बॉडीखालून जातो. दोघांची जाडी जुळली म्हणून अदलाबदल होत नाही.

स्वे बारच आहे ना?

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण जुन्या ९११ ला आणि जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या भागाला कॉइल स्प्रिंग नसते. तिथे टॉर्शन बारच स्प्रिंगचं काम करतो आणि गाडीचं वजन तोलतो. तो स्वे बारसारखाच पोलादी रॉड दिसतो, मात्र त्याचं एक टोक चासीला जखडलेलं असतं. स्वे बारची खूण अशी: तो एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जातो आणि मध्ये दोन बुशमध्ये मोकळा फिरू शकतो. खात्री नसेल तर एकही बोल्ट सोडू नका.

दुसरी काळजी फोर्ड कॅप्री आणि इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या जुन्या एस्कॉर्टसारख्या गाड्यांची. त्यांत पुढच्या बारची टोकं थेट लोअर आर्ममधून (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यामधून) जातात आणि चाकाला पुढे-मागे सरकण्यापासून तोच बार अडवतो. इथे हाताच्या लांबीत थोडा फरक पडला तरी कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलतो. अशा गाडीवर वेगळा बार बसवला की व्हील अलाइनमेंट करून घ्यायलाच हवी.

बार काढताना

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या आणि त्या ॲक्सलची दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. एकच चाक उचललं तर बार पिळलेला राहतो आणि लिंकचा नट सुटताक्षणी हात उसळतो. काढण्याआधी फोटो घ्या: बुशची चीर कुठल्या बाजूला आहे, वॉशर कुठल्या क्रमाने आहेत, बारचा वाक वर आहे की खाली. काही गाड्यांत डावी आणि उजवी लिंक वेगळी असते, त्यांवर तेव्हाच खूण करा.

मापं घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

व्यासासाठी तारेच्या ब्रशने मधला सरळ भाग घासून धातू उघडा करा. रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा थर माप फुगवतो. व्हर्नियर कॅलिपरने तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं दोनदा मोजा. बुश बसतो तिथे मोजू नका. तिथे अनेकदा एक चकचकीत, किंचित खोल गेलेला पट्टा दिसतो. बुशमध्ये अडकलेल्या वाळूने घासून पोलाद खाल्लेलं असतं आणि माप कमी भरतं. बार गाडीवरच असेल आणि कॅलिपर पोहोचत नसेल, तर कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. घेर ५९.७ मिमी आला तर बार १९ चा, ६९.१ आला तर २२ चा. झटपट पडताळणीसाठी पानाही चालतो: १९ चा पाना बारवर बेताने सरकला आणि १८ चा अडला, की काम झालं.

ब्रिटिश गाड्यांचं माप इंचात असतं हे ध्यानात ठेवा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, सात-अष्टमांश इंच म्हणजे २२.२ मिमी. २२ मिमी आणि सात-अष्टमांश इंच यांच्या कडकपणात जेमतेम ४ टक्के फरक पडतो, तो चालवताना कळणार नाही.

आता हाताची लांबी. बार जमिनीवर ठेवा आणि मधल्या सरळ भागाच्या अक्षापासून टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत काटकोनात मोजा. हाताच्या तिरक्या कडेने मोजलेलं माप इथे उपयोगाचं नाही. मग दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर, दोन बुशच्या जागांमधलं अंतर, भोकाचा व्यास आणि चपट्या टोकाची जाडी लिहून घ्या. बारला इंजिनच्या संपखालून (तळाच्या तेलाच्या टाकीखालून) जाण्यासाठी मध्ये वाक दिलेला असेल तर तो किती खोल आहे तेही टिपा. शेवटी दोन्ही हात सपाट फरशीवर टेकतात का ते पाहा. एक टोक अधांतरी राहिलं तर बार पिळून कायमचा वाकडा झालेला असण्याची शक्यता मोठी. असा बार बाद करा.

बार भरीव की पोकळ? टोकं दाबून चपटी केलेली असल्याने डोळ्यांनी कळत नाही. वजन करा. दोरा बारच्या वाकांवरून फिरवून त्याची खरी लांबी काढा. भरीव पोलादी बार २२ मिमीचा असेल तर दर मीटरला साधारण ३ किलो भरतो, १९ मिमीचा सव्वादोन किलो. वजन बरंच कमी भरलं तर आत पोकळी आहे. २५ मिमीचा, ४ मिमी भिंतीचा पोकळ बार त्याच जाडीच्या भरीव बारपेक्षा ४६ टक्के हलका असतो, पण कडकपणा फक्त २१ टक्क्यांनी कमी. पिळाचं काम बाहेरचा थरच जास्त करतो, म्हणून हे साधतं.

कारखान्याचा की नंतर बसवलेला?

चपट्या टोकाजवळ आणि मधल्या भागावर ठोकलेला नंबर किंवा रंगाचा ठिपका शोधा आणि सापडलेला नंबर त्या वर्षाच्या पार्ट्स कॅटलॉगशी ताडून पाहा. टोकाला एकाऐवजी दोन-तीन भोकं असतील, किंवा बार आडवा सरकू नये म्हणून मागाहून अडकवलेल्या कॉलर असतील, तर तो बहुधा बाहेरून आणलेला आहे. नुसत्या रंगावर विसंबू नका, रंग कोणीही देतो. त्यापेक्षा बॉडीकडे पाहा. कारखान्याच्या जागी नट पत्र्यात पक्का बसवलेला असतो आणि कडा स्वच्छ असते. नंतर पाडलेल्या भोकाची कडा खरबरीत असते आणि तिथूनच गंज सुरू झालेला दिसतो.

गाडीत असलेल्या बुशच्या आतल्या व्यासावरून बारची जाडी ठरवू नका. जुनं रबर दबून, झिजून मोठं झालेलं असतं.

दोन बारची तुलना

पिळाचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, हाताच्या लांबीच्या वर्गाने कमी होतो आणि मधल्या भागाच्या लांबीच्या प्रमाणात कमी होतो. पोकळ बारसाठी बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्याचा चौथा घात वजा करा.

समजा तुमचा बार १९ मिमीचा आहे आणि हात २०० मिमी. समोर आलेला बार २२ मिमीचा, मधली लांबी तेवढीच. हातही २०० असता तर तो ८० टक्के कडक ठरला असता. हात २५० निघाला तर वाढ १५ टक्क्यांवर येते. आणि हात २७० असेल तर हा ‘जाड’ बार तुमच्या १९ च्या बारपेक्षा किंचित मऊच भरतो! हातही थोडे वाकतात, त्यामुळे हा हिशेब तुलनेपुरता आहे, पण बार घ्यायचा की नाही हे ठरवायला तो पुरतो.

पुढच्या आणि मागच्या बारची तुलना करताना आणखी एक पायरी आहे. लिंक लोअर आर्मवर चाकापासून आत बसलेली असते. ती आतल्या पिव्होटपासून (आर्म चासीला जिथे फिरतो त्या बिंदूपासून) आर्मच्या लांबीच्या ६० टक्क्यांवर असेल, तर चाकाला बारच्या कडकपणाच्या ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्केच मिळतात. म्हणून पुढे २२ आणि मागेही २२ याचा अर्थ समतोल, असं मुळीच नाही.

जोडी जुळवणं

माझं मत स्पष्ट आहे: त्या वर्षाच्या कारखान्याच्या जोडीपासून सुरुवात करा, नवे बुश आणि लिंक घाला आणि आधी तशीच चालवा. झिजलेल्या बुशमुळे हाताची पहिली काही मिलिमीटर हालचाल फुकट जाते. अशी गाडी सैल वाटते आणि मालक उगाच जाड बार शोधत बसतो.

बार स्प्रिंगशीही बांधलेला असतो. ट्रायम्फ स्पिटफायरला १९७० च्या मार्क ४ मध्ये मागे मध्यावर फिरणारी लीफ स्प्रिंग आली. मागच्या बाजूचा झुकण्याला होणारा विरोध त्यामुळे घटला आणि तो भरून काढायला पुढचा बार जाड केला गेला. या गाडीवर आधीच्या मार्क ३ चा पातळ बार टाकला तर बोल्ट बसतील, हिशेब बसणार नाही.

कडकपणा वाढवायचाच असेल तर एका वेळी पुढचा किंवा मागचा, एकच बार बदला. दोन्ही ॲक्सलवरचे बार एकदम बदलले की कुठल्या बदलाने काय झालं ते कळत नाही. मागचा बार फार कडक झाला तर मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत वळणातून बाहेर पडताना आतलं चाक जागीच फिरतं. पावसात तर गाडी बेभरवशाची होते.

बसवणं आणि चाचणी

बारला उष्णता देऊन वाकवू नका, त्यावर वेल्डिंग करू नका. हे उष्णोपचार केलेलं स्प्रिंगचं पोलाद आहे. तापवलेल्या जागी ते पुढे तडकतं. वाकाजवळ गंजाचे खोल खड्डे दिसले तर बार वापरू नका, तडा तिथूनच जातो.

बुश बारच्या मोजलेल्या मापाचेच घ्या. पॉलियुरेथेन बुशला त्याचंच ग्रीस लावा, नाहीतर तो करकरतो. सगळे बोल्ट हाताने बसवून घ्या. शेवटचा ताण गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने द्या. लिंकची लांबी बदलता येत असेल तर चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं असताना दुसऱ्या लिंकचा बोल्ट भोकातून सहज जाईल अशी ती लावा. जोर करून घुसवावा लागला तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे आणि डावं-उजवं वळण वेगळं वाटेल.

नंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं असताना व पूर्ण सुटलेलं असताना बार टायरला, ब्रेकच्या नळीला, एक्झॉस्टला किंवा ड्राइव्हशाफ्टला घासत नाही ना ते पाहा. चाचणी रस्त्यावर नको. मोकळ्या बंद मैदानात स्थिर वेगाने गोल फिरवा, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. नाक बाहेर जात असेल तर, टोकाला जादा भोकं असल्यास, पुढची लिंक टोकाकडच्या भोकात घ्या. हात लांबला की बार मऊ होतो: २२५ चा २५० झाला तर जवळपास १९ टक्के. एका वेळी एकच भोक सरकवा आणि डाव्या-उजव्या लिंक कायम सारख्या भोकांत ठेवा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे आणि लिंकचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.