यकृतातील लोहाचे मोजमाप: चाचणी कशी करून घ्यावी आणि अहवाल कसा वाचावा

थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा तीव्र प्रकार) असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते. शरीर दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते. उरलेले साठत राहते आणि त्याचा मोठा वाटा यकृतात जाऊन बसतो.

हा साठा किती झाला, हे बहुतेक घरांत फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रक्तातील पातळीवरून, ठरवले जाते. फेरिटिन स्वस्त आहे आणि दर तीन महिन्यांनी ते करावेच. परंतु ताप, जंतुसंसर्ग किंवा यकृताची सूज असली की लोह न वाढताही ते चढते, म्हणून मूल आजारी असताना काढलेल्या आकड्यावरून लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्यांचा डोस बदलण्याची घाई करू नये. याउलट, ज्यांना क्वचितच रक्त लागते अशा थॅलेसेमिया इंटरमीडियाच्या (या आजाराच्या मध्यम प्रकाराच्या) रुग्णांत फेरिटिन बेताचे दिसते आणि यकृत मात्र लोहाने भरलेले असते. पूर्वी खात्रीसाठी सुईने यकृताचा तुकडा काढत. त्यात रक्तस्रावाची भीती असतेच, शिवाय लोह सगळीकडे सारखे पसरलेले नसल्याने तुकडा कोठून आला यावर आकडा बदलतो. त्यामुळे आता एमआरआय हाच मुख्य मार्ग आहे.

पुण्यात ससूनच्या परिसरापासून पिंपरी कॅम्पपर्यंत एमआरआयची केंद्रे पुष्कळ आहेत, पण पोटाचा एमआरआय म्हणजे लोहाचे मोजमाप नव्हे. एका कुटुंबाने खर्च करून आणलेल्या अहवालात ‘यकृत काळसर दिसते, लोहाची शक्यता’ एवढेच एक वाक्य होते. ते तर त्यांना आधीच ठाऊक होते. म्हणून वेळ घेण्यापूर्वी फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात: यंत्र दीड टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे एकक) आहे की तीन, यकृताचे आर-टू-स्टार (R2*) किंवा टी-टू-स्टार (T2*) मोजले जाते का (संकेत किती झटपट विझतो याची ही मापे; लोह वाढले की पहिले वाढते, दुसरे घटते), आणि अहवालात यकृताच्या कोरड्या (पाणी वगळून धरलेल्या) वजनाच्या प्रतिग्रॅम किती मिलिग्रॅम लोह हे लिहून मिळते का. लोह फार जास्त असेल तर यकृतातला संकेत इतका झटपट विझतो, की पहिले मापन सुमारे एक मिलिसेकंदाच्या आत घेतले नाही तर आकडाच भरवशाचा राहत नाही. तेव्हा हे काम नेहमी करणारे केंद्र थोडे लांब असले तरी तेथेच जावे.

या चाचणीसाठी शिरेतून औषध सोडावे लागत नाही. मुलाला मात्र श्वास सोडून दहा-पंधरा सेकंद स्थिर राहता आले पाहिजे. आठवडाभर आधीपासून रात्री अंथरुणावर आडवे करून, पोटावर हात ठेवून, आकडे मोजत हा सराव करून घ्यावा. फार लहान मुलांना भूल द्यावी लागू शकते. ते डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

आता अहवाल. समजा दीड टेस्लाच्या यंत्रावर आर-टू-स्टार ४०० आले. रूढ सूत्रानुसार त्याला ०.०२५४ ने गुणून ०.२ मिळवले की सुमारे १०.४ मिलिग्रॅम प्रतिग्रॅम येते. याला १०.६ ने गुणले की शरीराच्या दर किलोमागचे लोह मिळते. २८ किलोच्या मुलात ते एकूण तीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे बारा ते पंधरा पिशव्यांतून येते तेवढे. निरोगी यकृतात मिलिग्रॅम प्रतिग्रॅमचा आकडा साधारण १.८ च्या आत असतो, ७ च्या वर तो काळजीचा ठरतो आणि १५ च्या वर धोका गंभीर होतो. हेच यकृत तीन टेस्लावर मोजले तर आर-टू-स्टार जवळजवळ दुप्पट दिसते; लोह मात्र तेवढेच असते, म्हणून वरचे सूत्र तेथे लावू नये. पालक येथेच घाबरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

यकृत ठीक आहे म्हणून हृदयही ठीक असेल असे धरू नये. यकृतातले लोह गोळ्यांनी तुलनेने लवकर उतरते, हृदयातले सावकाश. म्हणून त्याच बैठकीत हृदयाचे टी-टू-स्टारही करून घ्यावे; ते २० मिलिसेकंदांच्या खाली असल्यास तेथे लोह साठले आहे असे मानतात आणि १० च्या खाली गेल्यास उपचाराला उशीर चालत नाही.

पुढची तपासणी साधारण वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर आणि त्याच पद्धतीने करावी. फाईलच्या पहिल्या पानावर तारीख, टेस्ला, पद्धत, आकडा, मुलाचे वजन आणि त्या वेळी चालू असलेला गोळ्यांचा डोस एका ओळीत लिहून ठेवावा, आणि चुकलेल्या गोळ्याही खरेपणाने त्याच ओळीत नोंदवाव्यात.