धडक कुणामुळे? नव्या स्टुअर्डसाठी चार गोष्टी

कार शर्यतीत दोन गाड्या धडकल्या की दोष कुणाचा हे स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, ठरवतात. स्टुअर्डच्या खोलीत नव्याने बसणारे आधी धडकेचाच क्षण पुन्हा पुन्हा बघतात. त्यात फारसं काही सापडत नाही. ज्येष्ठांनी मला लावलेली सवय अशी: चित्रण ब्रेकिंगच्या जागेपर्यंत मागे न्यायचं आणि तिथून पुढे यायचं. मागच्याने ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा दाबला का? पुढच्याने ब्रेकिंग चालू असताना लाइन, म्हणजे गाडीची वाट, बदलली का? वळणात आतली गाडी कुठवर पोचली होती?

शेवटच्या प्रश्नाला फॉर्म्युला वनच्या मार्गदर्शक सूचनांनी मोजमाप दिलंय. आतून ओव्हरटेक करणाऱ्याच्या पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल एपेक्सच्या (वळणातल्या सर्वांत आतल्या बिंदूच्या) आधी आणि एपेक्सवर निदान दुसऱ्याच्या आरशाच्या रेषेत हवा. बाहेरून जाणाऱ्याचा एपेक्सवर दुसऱ्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे हवा. शिवाय गाडी ताब्यात असली पाहिजे. नुसतं नाक घुसवून हक्क मिळत नाही. हे तपासताना एकट्या ऑनबोर्डवर, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्यावर, विसंबू नका, त्या लेन्समधून अंतरं फसवी दिसतात. सोबत वरून घेतलेलं दृश्य आणि टेलिमेट्री (गाडीच्या वेगाची, ब्रेकची नोंद) बघा.

एवढं करूनही दोष दोघांत वाटला जातो, तेव्हा नवखे अस्वस्थ होतात. कुणाला तरी शिक्षा द्यायलाच हवी असं वाटतं. पण एखादा ड्रायव्हर पूर्णपणे किंवा मुख्यत्वे जबाबदार आहे हे स्पष्ट नसेल, तर शिक्षा नाही, असं फॉर्म्युला वनचा नियमच सांगतो. असा निर्णय देणं म्हणजे पळवाट काढणं नव्हे. पहिल्या लॅपच्या गर्दीत तर तो बरेचदा योग्यच असतो.

सगळ्यात अवघड भाग परिणामाचा. 2021 मध्ये इंग्लंडमधल्या सिल्वरस्टोन ट्रॅकवर कॉप्स या वेगवान वळणावर फॉर्म्युला वन ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनची गाडी लागून त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्स व्हर्स्टॅपेन 51 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 51 पट) आघाताने कडेला आदळला आणि तपासणीसाठी रुग्णालयात गेला. हॅमिल्टनला 10 सेकंदांची शिक्षा झाली, तरी शर्यत त्यानेच जिंकली. लोक प्रचंड चिडले. मला मात्र वाटतं, शिक्षा कृतीलाच हवी. तोच धक्का कमी वेगाच्या वळणावर बसला असता तर दुसरा ड्रायव्हर कदाचित पुढे निघूनही गेला असता, पण चूक तीच राहिली असती.

तो निर्णय मी नव्यांना वाचायला लावतो, कारण त्यात नेमकं कारण आहे: आत जागा असूनही हॅमिल्टनची लाइन एपेक्सपर्यंत पोचली नाही. तुम्हीही असंच लिहा. ‘बेजबाबदार ड्रायव्हिंग’ एवढ्यावर थांबू नका. ड्रायव्हरला त्या वळणात काय करता आलं असतं, ते त्याला वाचून कळलं पाहिजे.