घरी केलेली दुरुस्ती फसली, तर दोष कुणाचा?

घरी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप उघडून बसवलेला पार्ट जळाला की दुकानदार म्हणतो, "तुम्हीच उघडलंय." आपण म्हणतो, "मालच खराब दिला." खरं काय ते पार्टवरच्या खुणा सांगतात, आणि त्या खुणांची नोंद स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच करावी लागते.

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे बरेच पार्ट कुरिअरने येतात. खोका सीलबंद असतानाच व्हिडिओ सुरू करा आणि पार्टवरचा सिरीयल नंबर दिसेपर्यंत थांबवू नका. तोच नंबर बिलावर लिहून घ्या. मदरबोर्ड इंटेलचा असेल तर सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या बारीक पिनांच्या चौकटीवर) तिरका टॉर्च धरून फोटो काढा. पिना सरळ असतील तर चकाकी एकसारखी दिसते. वाकलेल्या पिनेपाशी ती तुटते. आधीच्या फोटोत चकाकी तुटलेली असेल तर दोष विक्रेत्याचा, नसेल तर प्रोसेसर ठेवणाऱ्या हाताचा. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत देताना ती मागतात.

सगळ्यात महागात पडते ती एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची केबल. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा एसएमपीएस बदलताना जुन्याच केबल वापरायचा मोह होतो, कारण त्या नव्यात बसतात. पण एसएमपीएसच्या बाजूची तारांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. 5 व्होल्टच्या तारेत 12 व्होल्ट गेले की हार्ड डिस्क, एसएसडी क्षणात जातात. इथे एसएमपीएसही निर्दोष आणि डिस्कही, दोष जोडणाऱ्याचा. नव्या एसएमपीएसला त्याच्याच खोक्यातल्या केबल लावा.

लॅपटॉपमध्ये पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचं. तो जोडलेला ठेवून स्क्रीनची केबल ओढली की बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) फ्यूज उडतो: चित्र अगदी अंधुक, टॉर्च मारला तरच दिसतं. ही खूण दिसली तर नव्या पॅनलला दोष देऊ नका. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे चिकटवून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खालच्या बोर्डला छेद देतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी घरची वायरिंग तपासा. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे पत्र्यावर साधारण 115 व्होल्ट येतात. करंट अगदी थोडा असतो, तरी वायर जोडताना पोर्ट जाऊ शकतो. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घातलेला सर्रास दिसतो. हे काम इलेक्ट्रिशियनचं, विक्रेत्याचा यात काही संबंध नाही.

मशीन सुरू झालं नाही तर लगेच थांबा. पुन्हापुन्हा बटण दाबून एकाचे दोन पार्ट जातात आणि मग पहिला कशाने गेला ते कळत नाही. प्लग काढा, रॅम काढून पुन्हा 'टक्' आवाज होईपर्यंत बसवा, रॅमची एकच काडी (पट्टी) ठेवून पाहा. नाहीच झालं तर मेकॅनिककडे न्या आणि काय उघडलं, काय जोडलं ते खरं सांगा. लपवलं तर तो चुकीच्या जागी शोधत बसतो. पावतीवर मात्र मशीन देतानाची अवस्था लिहून घ्या. त्यानंतर तुटलेलं क्लिप किंवा हरवलेला स्क्रू ही त्याची जबाबदारी.

एसएमपीएसच सदोष निघाला आणि त्याने बोर्ड जाळला, तर बहुतेक वॉरंटीत फक्त एसएमपीएस बदलून मिळतो. बोर्डाची भरपाई 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मागता येते. पण वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल तर विक्रेत्यावर तो दावा चालत नाही. म्हणूनच फोटो आणि व्हिडिओ हवेत. आधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. माल पुण्याहून किंवा बेंगळुरूहून आला असला तरी तुम्ही बेळगाव जिल्ह्यात राहत असाल तर इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तोवर जळालेला पार्ट साफ न करता अँटीस्टॅटिक (स्थिर विजेपासून जपणाऱ्या) पिशवीत ठेवा. काळा पडलेला डागही पुरावाच आहे.