एनएसएस आणि नाटक, दोन्ही जमवायचं तर

भावा, प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेट. वर्षाला १२० तास समाजसेवेचं काम, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. तासांचं जमतं, शिबिर आडवं येतं. मी नाटकात होतो, तालमी आणि शिबिर एकाच आठवड्यात आले. म्हणून दोन्हीकडच्या तारखा आधीच विचार, दिग्दर्शकाला स्पष्ट सांगून ठेव. एनसीसीत असशील तर मात्र एनसीसी आणि एनएसएस यांतलं एकच निवडावं लागतं. झालेले तास त्याच दिवशी डायरीत लिहून सही घे, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. एनएसएसमधून विसर्जनाला पंचगंगेवर निर्माल्य गोळा करताना जी पोरं भेटली, तीच २०१९ च्या महापुरात रात्रभर माझ्याबरोबर जेवणाची पाकिटं बांधत होती.