लेन्सवर आळ घेण्याआधी: फास्ट प्राइम तपासताना या चुका टाळा

माझी पहिली फास्ट प्राइम, म्हणजे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) खूप मोठं उघडणारी, झूम नसलेली लेन्स, ५० मिमी एफ/१.४ ची होती. ती मी चौथ्या दिवशी दुकानदाराला परत केली. डोळ्यावर फोकस लावावा आणि कानशिलावरचे केस शार्प यावेत, असं दर तीन फोटोंमागे एकदा तरी व्हायचं. बदली लेन्स आली, तिनेही तेच केलं. दोन वेगळ्या लेन्सना नेमकी एकच खोड कशी असेल, हा प्रश्न पडायला मला आणखी आठवडा लागला. खोड माझ्या हातात होती. छिद्र कमी उघडणाऱ्या एफ/४ च्या झूमवर ती वर्षानुवर्षं खपून गेली होती, इतकंच.

फास्ट लेन्सचं असंच असतं. ती चुकीला जागाच ठेवत नाही, आणि मग आपल्या सगळ्या ढिल्या सवयी तिच्या नावावर खपतात. याउलट खरोखर सदोष लेन्स कित्येकदा सुखाने पास होते, कारण तिचा फक्त मधला भाग बघितला जातो.

आधी जागा किती आहे ते बघा

फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर) ५० मिमी, एफ/१.४, अंतर १ मीटर: पुढची-मागची मिळून डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीत वस्तू शार्प दिसते ती जागा) सुमारे ३ सेंटीमीटर. ८५ मिमी एफ/१.४ दीड मीटरवर: जेमतेम अडीच. हे आकडेसुद्धा उदार आहेत. ते ०.०३ मिमीचा धूसर ठिपका डोळ्याला चालतो असं धरून काढलेले असतात आणि हा हिशोब छापील फोटोच्या जमान्यातला आहे. ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ०.०३ मिमी म्हणजे जवळजवळ ७ पिक्सेल. स्क्रीनवर १०० टक्क्यांना बघणाऱ्याच्या लेखी हे सरळ सरळ आउट ऑफ फोकस. तेव्हा कॅल्क्युलेटर ३ सेंटीमीटर म्हणत असला तरी तुमच्या हातात एखादाच सेंटीमीटर आहे असं समजून चाला.

आता माझी चूक. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लावायचा, बटण अर्धं दाबून धरायचं आणि कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवायची. डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यांत) कडेचे फोकस पॉइंट भरवशाचे नसत, तेव्हापासून अंगवळणी पडलेली ही पद्धत. कॅमेरा १५ अंश फिरवला की ५० मिमीवर डोळा उभ्या फ्रेमच्या मध्यापासून वरच्या कडेकडे साधारण पाऊण अंतरावर जातो, म्हणजे पोर्ट्रेटमध्ये जिथे हवा तिथेच. पण फोकसचं प्रतल (जिथली प्रत्येक वस्तू शार्प येते ती सपाट पातळी) कॅमेऱ्याबरोबर फिरतं. १ मीटर गुणिले १५ अंशांचा कोसाइन म्हणजे ९६.६ सेंटीमीटर. फोकसचं प्रतल डोळ्याच्या ३.४ सेंटीमीटर मागे गेलं. प्रतलाच्या पुढच्या बाजूला चालणारी जागा होती दीड सेंटीमीटर. कानशिलावरचे केस शार्प का येत होते, ते यातच आलं.

मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) असं करायचं काही कारणच उरलेलं नाही. फोकस पॉइंट जवळजवळ पूर्ण फ्रेमभर नेता येतो, आय एएफ (डोळा ओळखून आपोआप लागणारा फोकस) आहे. आधी फ्रेम, मग फोकस. आणि माणूस समोर असेल तर एकदा लागून थांबणाऱ्या सिंगलऐवजी सतत जुळत राहणारा कंटिन्युअस एएफ ठेवा. उभा माणूस श्वास घेतानाही सेंटीमीटरभर हलतो, फोटो काढणारा तर त्याहून जास्त डुलतो.

याच्याच जोडीची चूक म्हणजे ४५ अंशांत पट्टी ठेवून फ्रंट फोकस, बॅक फोकस (फोकस हवा त्याच्या पुढे किंवा मागे बसणं) मोजत बसणं. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा आणि फोटोचा वेगळा, त्यामुळे दोघांत फरक पडायचा आणि तो जुळवावा लागायचा. मिररलेसमध्ये फोकस फोटोच्याच सेन्सरवर मोजला जातो. तरीही चूक सातत्याने एकाच बाजूला होत असेल तर आधी फोकसची चौकट बघा. मोठ्या चौकटीत भुवई, चष्म्याची कड किंवा मागचा ठळक पडदाही येतो आणि कॅमेरा त्यातलं जे ठसठशीत दिसेल ते धरतो.

एक खरी अडचण मात्र उरते, फोकस शिफ्टची. काही फास्ट लेन्समध्ये गोलीय विपथन (भिंगाच्या मधले आणि कडेचे किरण एकाच जागी न जुळणं) बरंच राहिलेलं असतं आणि अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की उत्तम फोकसची जागाच सरकते. कॅमेरा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून फोकस करत असेल आणि फोटो एफ/२.८ ला घेत असेल, तर एफ/१.४ वर नेमका बसलेला फोकस एफ/२.८ वर चुकू शकतो. काही कॅमेरे ठरवलेल्या अ‍ॅपर्चरवरच फोकस करतात, काही उघडून करतात, काहींत मेनूत निवड असते. तपासायला सोपं आहे: ट्रायपॉड, तिरकी पट्टी (इथे ती कामाची), फोकस एकदाच लावून मॅन्युअलवर टाका आणि १.४, २, २.८, ४ असे चार फोटो घ्या. शार्प पट्टा नुसता रुंद होतोय की मागे सरकतोय, ते समोर दिसेल.

विटांच्या भिंतीची परीक्षा

नवी लेन्स आली की भिंत शोधायची, ही आपली परंपरा. भिंत बिचारी निर्दोष आहे, कॅमेरा तिच्यासमोर सरळ नसतो. ५० मिमीने २ मीटरवरून भिंतीचा सुमारे १.४४ मीटर रुंद भाग येतो. कॅमेरा ३ अंश तिरका असला, जे नुसत्या डोळ्याला जेमतेम कळतं, तर भिंतीची एक कड फोकसच्या प्रतलापेक्षा पावणेचार सेंटीमीटर जवळ आणि दुसरी तितकीच लांब. मग डावी बाजू मऊ दिसते आणि मंडळी ‘डीसेंटर्ड’ (आतलं भिंग मध्यापासून सरकलेलं) म्हणून मोकळी होतात.

भिंतच वापरायची असेल तर छोटा सपाट आरसा भिंतीला टेकवून धरा. व्ह्यूफाइंडरमध्ये स्वतःच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की कॅमेरा सरळ झाला. मी मात्र लांबची वस्तू पसंत करतो. बारीक तपशील असलेलं काहीतरी दूरवर हवं, एखादा टॉवर, इमारतीच्या खिडक्या. अंतर पुरेसं असलं की तिरकेपणाचा प्रश्नच मिटतो. फक्त दुपारी जाऊ नका, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लेन्सच्या नावाने बिल फाटतं.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. तीच वस्तू आधी मध्यात आणि मग कॅमेरा फिरवून एकेक करून चारही कोपऱ्यांत आणा. प्रत्येक कोपऱ्यात तिथेच फोकस लावून फोटो घ्या, आणि एकेक नव्हे, तीन तीन. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावायचा. तिन्हींतला सर्वांत चांगला तो लेन्सचा, बाकीचे दोन एएफचे.

चारही कोपरे मध्यापेक्षा मऊ पण एकमेकांसारखे असतील, तर ती त्या लेन्सची घडण आहे. मध्यावर फोकस लावल्यावर कोपरे मऊ आणि कोपऱ्यावर लावल्यावर तेच छान, तर फोकसचं क्षेत्र सपाट नसून वक्र आहे. हाही दोष नाही, पोर्ट्रेटवाल्याला तर याचा पत्ताही लागणार नाही. पण काहीही केलं तरी एकच कोपरा कच्चा राहत असेल, तर शंकेला जागा आहे. मग शेवटची खात्री: कॅमेरा चक्क उलटा करून तोच देखावा घ्या. आधी देखाव्याच्या डावीकडे दिसणारा मऊपणा आता उजवीकडे गेला, तर तो लेन्सबरोबर फिरला. डावीकडेच राहिला, तर दोष मांडणीत आहे.

रात्री यापेक्षाही झटपट होणारी एक चाचणी आहे. दूरचा एक बारीक दिवा फ्रेमच्या बरोबर मध्यात ठेवून फोकस किंचित बिघडवायचा. चकती सगळीकडून सारखी फुलली पाहिजे. मध्यातच ती एका बाजूला ओढलेली, धूमकेतूसारखी दिसली तर आतलं एखादं भिंग जागेवर नाही. कडेच्या चकत्या मांजराच्या डोळ्यासारख्या चपट्या दिसतात, त्याने घाबरू नका. उघड्या अ‍ॅपर्चरवर लेन्सची नळीच कडेचा प्रकाश कापते, एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद केलं की त्या पुष्कळशा गोल होतात.

अगदी निर्दोष प्रत मिळेल ही आशा मात्र सोडून द्या. लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स कंपनीच्या रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलच्या अनेक लेन्स ऑप्टिकल बेंचवर मोजून त्यांचे आलेख वर्षानुवर्षं प्रसिद्ध केले. थोडाफार फरक प्रत्येक मॉडेलमध्ये, महागड्यांतही, सापडला. तीन तीन प्रती बदलून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तिसरी पहिलीपेक्षा चांगली होती का, हे त्यांनाही सांगता येत नाही.

बाकी मांडणीच्या चुका नेहमीच्याच. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ किमान. आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), प्रोफाइल करेक्शन (लेन्सचे दोष सॉफ्टवेअरने झाकणं) बंद करून. जेपीईजीमध्ये कॅमेरा कोपऱ्यांचा काळोख उजळतो, वाकलेल्या रेषा सरळ करतो, त्यात कोपरे ताणले जातात. ते बघून लेन्सबद्दल मत बनवू नये.

जे दोष वाटतात पण नसतात

फोकसच्या पुढच्या वस्तूंना जांभळट आणि मागच्यांना हिरवट कड दिसते. हे लांबीच्या दिशेचं वर्णविपथन (रंगागणिक फोकस पुढे-मागे होणं), उघड्या फास्ट लेन्सचा जवळजवळ जन्मसिद्ध हक्क. अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की कमी होतं. कोपऱ्यात झाडाच्या फांद्यांना एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळसर कड दिसते ते प्रकरण वेगळं: अ‍ॅपर्चरने ते हटत नाही, सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर जातं.

कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आत खडखड वाजते. लिनियर मोटरच्या लेन्समध्ये वीज नसताना फोकसचा भाग मोकळा असतो, तो सरकतो. कॅमेरा चालू करून हलवा, आवाज गेला की विषय संपला. फोकसची रिंग फिरवून काहीच होत नाही ही तक्रारही त्यातलीच. बऱ्याच लेन्समध्ये ती रिंग फक्त विजेवर चालते.

बोकेच्या (फोकसबाहेरच्या धूसर भागाच्या) चकत्या वरून किंवा खालून कापल्यासारख्या दिसतात, ही मात्र गंमतीची गोष्ट, कारण लोक लेन्स पाठवतात आणि गुन्हेगार कॅमेऱ्याच्या मेनूत बसलेला असतो. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटरमध्ये सुरुवात सेन्सर करतो आणि शेवट खरा पडदा. दोघं एकाच प्रतलात नसतात. शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान आणि अ‍ॅपर्चर एफ/१.४ असेल, तर पडद्यांमधली फट इतकी अरुंद होते की फोकसबाहेरच्या प्रकाशाच्या शंकूचा एक तुकडा कापला जातो. पूर्ण मेकॅनिकल शटर लावून तोच फोटो पुन्हा घ्या.

आणि भर उन्हात अशी वेळ येतेच. आयएसओ १०० ला स्वच्छ उन्हात एफ/१६ वर १/१०० हा जुना ठोकताळा. एफ/१६ पासून एफ/१.४ पर्यंत सात स्टॉप, म्हणजे शटर १/१२८०० हवं. मेकॅनिकल शटर बहुतेक कॅमेऱ्यांत १/४००० किंवा १/८००० ला थांबतं. फोटो पांढरा फटक पडला की लेन्स ‘ओव्हरएक्स्पोज’ करते असं म्हणणारा एक मित्र मला आहे. त्याला तीन स्टॉपचा, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागत होता, १/१६०० वर काम झालं.

फिल्टरवरून आठवलं. संरक्षणासाठी लावलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर चाचणीच्या आधी काढा. रात्रीच्या फोटोत दिव्यांची उलटी भुतं दिसतात ती बहुधा त्याची.

घरात आल्यानंतर

आत दिसणारे धुळीचे दोन-चार कण फोटोत येत नाहीत, त्यांच्यासाठी लेन्स उघडायला देऊ नका. बुरशीचं मात्र तसं नाही. दमट हवेत, चामड्याच्या बंद पिशवीत, महिनोन्महिने न वापरलेली लेन्स तिला आवडते. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असा ड्राय बॉक्स पुरतो. सिलिका जेल ठेवत असाल तर ते अधूनमधून तापवून कोरडंही करावं लागतं, हे निम्मे लोक विसरतात.

जुनी फास्ट लेन्स अडॅप्टरवर लावून ‘मिररलेसवर कोपरे खराब येतात’ असं म्हणणाऱ्यांनी सेन्सरवरची काच लक्षात घ्यावी. फिल्मपुढे काच नव्हती, सेन्सरपुढे असते. तिरक्या किरणांना ती भोवते, आणि लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या जितकं जवळ, तितकं जास्त. रेंजफाइंडर या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्स यात सर्वांत आधी सापडतात.

पहिल्या आठवड्यात घेतलेल्या चाचणीच्या रॉ फाइल पुसू नका. अंतर, अ‍ॅपर्चर आणि फोकस कुठे लावला ते एका ओळीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. माझी ती दुसरी ५० मिमी दोन वर्षांपूर्वी टेबलावरून पडली. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता, मधला भाग पूर्वीसारखाच शार्प. त्याच टॉवरचे तेच फोटो पुन्हा घेतले. खालचा डावा कोपरा किंचित मऊ होता, पण तो पहिल्या दिवसापासून तसाच आहे, जुनी फाइल साक्षीला होती. वरचा उजवा मात्र आधी असा नव्हता. दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावून दाखवल्या, तेव्हा सर्व्हिसवाल्याने ‘या लेन्स अशाच असतात’ हे वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पावती लिहायला घेतली.