पहाटेचा ऑक्सिजन, दुपारचा सामू

सोलापुरातील कंबर तलावाचे किंवा हिप्परग्याच्या एकरुख तलावाचे पाणी जलचरांना मानवते का, हे पाहायचे असेल तर आधी नमुन्याची वेळ ठरवावी. सांडपाण्यातून आलेल्या नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ माजले की दुपारी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर भरतो. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि जिवाणू सगळेच तो वापरत राहतात व पहाटे तो सर्वांत कमी होतो. म्हणून ऑक्सिजनचा नमुना सूर्योदयापूर्वीच घ्यावा. भरदुपारचा आकडा उगाच दिलासा देतो.

३०० मि.लि.ची काचेची बीओडी बाटली (ऑक्सिजन तपासणीची घट्ट झाकणाची बाटली) पाण्याखाली नेऊन, एकही बुडबुडा न राहील अशी, सावकाश भरावी. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मि.लि., पिपेटचे टोक पाण्यात बुडवून सोडावे, झाकण लावून बाटली उलटसुलट करावी. तपकिरी साका दिसला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर जवळपास नाही, आणि एवढ्यावरही बरेच कळते. साका खाली बसल्यावर हातमोजे व चष्मा घालून २ मि.लि. तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालावे. साका विरघळला की त्यातील २०० मि.लि. द्राव घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करावे, म्हणजे ते मोजून थोडे थोडे सोडत जावे; रंग फिकट पिवळा झाल्यावर स्टार्च घालावे आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब सोडावे. थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागले, साधारण तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यपालनाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा, सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ६.५ ते ८.५ हवा आणि मुक्त अमोनिया दर लिटरला १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. इथल्या उन्हाळ्यात तापमानाची नोंदही हवीच, कारण समुद्रसपाटीलाही ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो.

सामू मात्र दुपारीही मोजावा. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, सामू चढतो आणि अमोनियाचा विषारी, मुक्त भाग वाढतो. त्यामुळे पहाटे गुदमरलेल्या माशांना दुपारी दुसराच मार बसू शकतो.

बाटली त्या क्षणाचे सांगते. मागील काही आठवड्यांची स्थिती तळातले जीव सांगतात. काठच्या गाळाची ओंजळभर माती बारीक चाळणीत धुऊन पांढऱ्या ताटात पसरावी. मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्ले सापडली तर पाणी बरे आहे. नुसत्या लाल अळ्या आणि ट्यूबिफेक्स (गाळातले बारीक लाल कृमी) वळवळत असतील तर तळाशी ऑक्सिजन वरचेवर संपत असावा, कारण हिमोग्लोबिनमुळे हे जीव तशा गाळातही तग धरतात. जाळ्यात चिलापी (तिलापिया मासा) भरपूर आली म्हणून पाणी चांगले ठरत नाही. ती कमी ऑक्सिजन सोसते, आणि मागूर मासा तर थेट हवेतून श्वास घेतो.